हळदकुंकू लावलेले बाण

आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकलेली. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून चुकतात आणि अक्षर असं, की माझी रेणू लहानपणी म्हणायची, आई, तुझी ओळ वाचायला मान वाकडी करावी लागते. शिवणाच्या वहीत गिऱ्हाइकांची मापं लिहिण्यापलीकडे गेल्या कित्येक वर्षांत मी काही लिहिलेलं नाही. तरी बसले आहे, कारण परत आल्यावर बचत गटाच्या बायकांनी मला इंग्लंडबद्दल बोलायला उभं केलं आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. शकूबाई म्हणाली, "बोलता येत नाही तर लिहून दे, आम्ही वाचू." देईन की नाही ते अजून ठरलेलं नाही. आधी लिहून तर बघते.

विमानाचं काही सांगण्यासारखं नाही. बसले, झोप लागली नाही, उतरले.

बेसिंगस्टोक

मुलीच्या घरी जास्त दिवस राहू नये, हे माझ्या मनात लहानपणापासून बसलेलं. माझी आई माझ्याकडे यायची तेव्हा पाणी पिऊन निघायची. त्यामुळे रेणूनं मला चार महिन्यांसाठी बोलावलं तेव्हा मी घाबरलेच. तिकिटाचे पैसे तिच्या पगारातले आहेत, जावयाचे नाहीत, असं तिनं मला शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे मी निघाले.

बेसिंगस्टोक हे आपल्या उमरेडहून कितीतरी मोठं गाव, पण रस्त्यावर माणूस दिसत नाही. सगळे गाडीत. रस्त्यांना चौक नाहीत, गोल आहेत. माझे जावई अमोलराव म्हणतात, इथे एका गोलातून सुटलं की दुसऱ्या गोलात अडकायचं. कचऱ्याचे डबे वेगवेगळ्या रंगांचे, आणि कोणत्या आठवड्याला कोणता बाहेर ठेवायचा हे रेणूला पाठ. मी एकदा चुकीचा डबा ठेवला तर समोरच्या बाईंनी खिडकीतून हात हलवून खुणेनं सांगितलं. तिथे माझ्याशी बोललेली ती पहिली शेजारीण, आणि तीही काचेतून.

दोघं कामाला गेली की घर इतकं शांत व्हायचं, की फ्रिजचा आवाज ऐकत मी बसायची. मला त्याचा त्रास नव्हता. मला माणसांत बोलायचंच भय.

रविवारी अमोलराव धनुष्यबाण घेऊन रानात जायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रेणूला हळूच विचारलं, "हे शिकार करतात का गं?"

"शिकार नाही गं आई. फील्ड आर्चरी. फोमची जनावरं उभी करतात झाडांत. हरीण, डुक्कर, कोल्हा. त्यांना मारतात."

"आणि मग खातात काय?"

"पोर्क पाय. डुकराचं मांस भरलेली कचोरी समज. कारपार्कमध्ये उभं राहून."

त्यांचं धनुष्य साधं लाकडी. नव्या धनुष्यांसारखी त्याला चाकं नाहीत, नेम बघायची काच नाही. हे त्यांना शिकवलं पीटर नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. साउथहॅम्प्टनच्या बंदरावर त्यांनी आयुष्यभर सुतारकाम केलेलं. बायको गेल्यावर घर विकून ते एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, तिथे हातोडी मारायचीही परवानगी नाही, म्हणून त्यांची सगळी हत्यारं रेणूच्या गॅरेजमध्ये. आठवड्यातून दोनदा तरी यायचे. न सांगता दारात बूट काढायचे, ते मला आवडलं. मी त्यांना पीटरसाहेब म्हणत होते, तर रेणू हसली. "साहेब काय गं? त्यांनी ऐकलं तर लाजतील." मग मी पीटरभाऊ म्हणायला लागले. बोलणं अर्थात अमोलरावांमार्फत. मी मराठीत पुटपुटायची, ते इंग्रजीत सांगायचे, आणि पीटरभाऊ उत्तर मात्र माझ्याकडे बघून द्यायचे.

त्या देशात हरणं फार झाली आहेत, शेतं आणि झाडं खातात. त्यांना मारायची परवानगी मिळते, पण बंदुकीनं. धनुष्यबाणानं हरीण मारायला तिथे बंदी आहे. बाणानं शिकार करायची तर हंगेरी नावाच्या देशात जावं लागतं, तिथे चालतं. पीटरभाऊ तिथे दोनदा जाऊन आले होते. आता तिसऱ्यांदा, पेन्शनीतून साठवून, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शेवटचं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात त्यांचं विमान होतं. मी विचारलं, बंदूक असताना बाण कशाला? ते म्हणाले, "बंदूक लांबून चालते. बाणाला जवळ जावं लागतं. वीस पावलांवर हरीण उभं असतं आणि त्याला माहीत नसतं. तेवढ्या जवळ मला एकदा पुन्हा जायचंय."

त्या बाणांची निवड मी जवळून बघत होते, म्हणून सांगते. पाइनच्या डझनभर काठ्या त्यांनी आणल्या होत्या. एकेक काठी रेणूच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. मग दोन खिळ्यांवर आडवी टेकवून मधोमध वजन टांगलं आणि ती किती वाकते ते पाहिलं. मी म्हटलं, काठी सरळ असली की झालं ना? तर नाही. बाण सुटताना धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जातो, पाण्यातल्या मासोळीसारखा लवतो. फार ताठ असला तर एका अंगाला जातो, फार मऊ असला तर दुसऱ्या. "माझी बायको माझ्याबद्दल हेच सांगायची," पीटरभाऊ म्हणाले.

मग पाती. बाणाच्या पुढचं पोलादी पातं, त्याचे तीन प्रकार त्यांनी टेबलावर मांडले होते. एक तीन धारांचं, एक दोन धारांचं पण रुंद, आणि एक दोन धारांचं अरुंद, कण्हेरीच्या पानासारखं लांब. अमोलरावांना तीन धारांचं आवडलं.

"हे बघा ना आई, काय डेंजरस दिसतं."

पीटरभाऊंनी ते उचललं आणि बाजूला ठेवलं. म्हणाले, दिसण्याचा उपयोग हरणाला घाबरवायला. रुंद पात्याला वारा लागतो आणि आत शिरायला जोर लागतो. त्यांनी वयामुळे पूर्वीपेक्षा हलकं धनुष्य घेतलं होतं, तेवढा जोर त्यात नव्हता. अरुंद पातं थोड्या जोरातही आरपार जातं, आणि आरपार गेलं तर हरीण चार उड्यांत पडतं. अर्धवट राहिलं तर दोन दिवस फिरत मरतं. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही, पण त्यांनी कप खाली ठेवला. कप हातात असला की त्यांच्या कपातला चहा नेहमी हलत असायचा.

अरुंद पाती त्यांनी कानशीनं आणि दगडानं घासली. आपण विळीची धार नखावर टेकवून बघतो, घसरली तर धार नाही, रुतली तर आहे, तसंच तेही बघायचे. झाली की तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. बाणांना पिसं लावून झाली होती, टर्कीची, पांढरी, तीन तीन. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतावर जाऊन तीन शनिवार त्यांनी साधी टोकं लावून सगळे बाण सोडून पाहिले. जो बाण मनासारखा गेला त्याच्यावर खडूची खूण. सुतार माणूस, खूण खडूनंच करणार. असे सहा निवडले. पाती चिकटवायची राहिली होती.

खंडेनवमी

नवरात्राचे माझे उपास चालू होते. वॉटफर्डच्या एका मैत्रिणीनं रेणूला भगर आणि राजगिरा पाठवला होता, त्यामुळे काही अडलं नाही. नवमीला दोघं कामाला गेली. आपल्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं हत्यार धुऊन पुसून पुजायचं असतं. माझ्या घरी मी आधी शिवणयंत्र पुजते, मग कात्री, विळी, कोयता. इथे काय पुजायचं? सुऱ्या होत्या, मिक्सर होता, रेणूचा जुना लॅपटॉप होता. मांडलं सगळं, पण पूजा केल्यासारखं वाटेना. मग गॅरेजमध्ये गेले आणि ते बाण दिसले. हत्यार म्हणजे हेच की. आणि ते लांबच्या प्रवासाला निघालेलं, त्याची तर पूजा व्हायलाच हवी. जावयांना विचारावं असं मनात आलं होतं. पण पूजेला विचारायचं काय, असं म्हणून मी ते आत आणले.

काठ्यांवर पांढरं काही माखलेलं होतं, ते मी ओल्या फडक्यानं पुसलं. पिसं मळली होती, तीही पुसली. पाती तेलकट होती, ती भांड्यांच्या साबणानं स्वच्छ धुतली. मग बाराही बाण एकत्र करून लाल दोऱ्यानं बांधले, पाटावर ठेवले, पात्यांना हळदकुंकू कालवून लावलं, रेणूनं आणलेली झेंडूची फुलं पाणी शिंपडून वाहिली. पुजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं. रात्रभर तसंच ठेवलं.

संध्याकाळी अमोलराव आले ते मीटिंगचा फोन कानाला लावूनच वर गेले. रेणूनं लॅपटॉपवरचं कुंकू पाहिलं आणि म्हणाली, "आई, आयटीवाले म्हणतील याला गोवर आलाय." बाणांकडे तिचं लक्षच गेलं नाही.

दसरा

सकाळी पुरण शिजत असताना पीटरभाऊ आले. त्या दिवशी पाती चिकटवायची होती. अमोलराव त्यांना घेऊन आत आले आणि पाटासमोर थांबले.

मी आधी अमोलरावांचा चेहरा पाहिला. मग त्यांनी पातं उचललं आणि मी ते पाहिलं. धारेवर तांबूस ठिपके उठले होते. कुंकवाखाली तर धार खाल्लीच गेली होती.

"आई," अमोलराव म्हणाले, "खडूच्या खुणा होत्या यांच्यावर. निवडलेले सहा कोणते होते?"

माझे हात पुरणानं भरलेले होते. रेणू स्वयंपाकघरातून आली, तिला एका नजरेत कळलं. "आई, तू विचारायचंस ना. एक फोन करायचास." ती हळूच बोलली, पण परक्या माणसासमोर मुलीची बोलणी खाणं मला जड गेलं.

पीटरभाऊ खाली बसले. दोरा सोडला. एक पातं उचलून त्याच्यावरचं कुंकू बोटानं पुसून पाहिलं आणि काहीतरी म्हणाले. अमोलराव इतक्या रागातही हसले.

"म्हणतायत, रक्त आधीच लागलंय, मग मी जायचं कशाला."

मग त्यांनी हे सगळं काय आहे ते विचारलं. अमोलरावांनी सांगितलं, हत्यारांची पूजा. पीटरभाऊंनी पाटावरचं सगळं नीट पाहिलं, मिक्सरसुद्धा. म्हणाले, बंदरावर असताना आम्ही पगाराच्या दिवशी हत्यारांना तेल द्यायचो, पण फूल कधी कोणी दिलं नाही.

मग ते कामाला लागले. पाती पुन्हा घासली तरी वजनं सारखी राहणार नव्हती, म्हणून त्यांनी तिथेच अमोलरावांच्या फोनवरून नवी मागवली, सोमवारी येणारी. पिसं ओली होऊन चिकटून बसली होती. त्यांनी मला किटलीकडे बोट दाखवलं. पाणी उकळलं तसं एक बाण घेऊन त्यांनी वाफेवर हळूहळू फिरवला, आणि बसलेलं पीस उभं राहिलं, कोंबडीनं पंख झाडावेत तसं. दुसरा बाण त्यांनी माझ्या हातात दिला. आम्ही दोघं किटलीसमोर उभं राहून बारा बाण वाफवले. माझ्या बाजूला पुरण, त्यांच्या बाजूला बाण. रेणूनं त्याचा फोटो काढला, तो मी अजून नीट बघितलेला नाही.

जेवताना त्यांनी पुरणपोळीवर आणखी तूप मागून घेतलं. जेवणानंतर आम्ही एकमेकांना सोनं दिलं. आपट्याची पानं कुठून येणार, मागच्या अंगणातल्या झाडाची पिवळी पडलेली पानं घेतली. मी वाकून पीटरभाऊंच्या हातावर पान ठेवलं आणि अमोलरावांना म्हटलं, त्यांना सांगा, पात्यांचे पैसे मी देणार. त्यांनी पान वर उजेडाकडे धरलं. "हे सोनं आहे ना तुमच्यात? मग मिळाले पैसे."

मी म्हटलं, पान ते पान. पैसे ते पैसे.

अमोलराव म्हणाले, "आई, मी देतो ना, राहू द्या." तेच तर मला नको होतं. माझ्या चुकीचे पैसे जावयानं भरायचे, आणि मी त्यांच्याच घरात बसून जेवायचं.

शेतावर

दुपारी निवड पुन्हा करायला आम्ही त्या शेतकऱ्याच्या शेतावर गेलो. त्यांच्या धनुष्यबाणाच्या क्लबमध्ये शिकारीची तयारी चालत नाही, म्हणून हे शेत. मी नको म्हणत होते, पण पीटरभाऊ म्हणाले, बाण पुसलेत त्यांनी, गोळा करायलाही त्यांनीच यायचं. रेणूचं जॅकेट घालून, पायांत तिचे रबराचे बूट घालून मी गेले. कापलेल्या गव्हाचं रान, कडेला झुडपांची भिंत, पुढे वाळूचा उंचवटा आणि त्याच्या पुढ्यात फोमचं हरीण. आपल्या उमरेडच्या बाजूला चितळ शेतात उतरतात आणि आपण डबे वाजवत बसतो, हात लावला तर जंगलखात्याचा गुन्हा. तिथे शेतकरी स्वतः फोन करून शिकाऱ्याला बोलावतो. शेतकऱ्याचं तोंड मात्र दोन्हीकडे सारखंच. पीक खाल्लेलं दाखवताना तिथल्या शेतकऱ्यानं जो हात केला तो आमच्या वाडीतल्या कोणाचाही असता.

पीटरभाऊ वीस पावलांवर उभे राहिले. बाण सोडायचे, मी आणि अमोलराव जाऊन आणायचो, मग पुन्हा तेच. पहिला बाण डावीकडे गेला. बाजूला ठेवला. दुसरा छातीत बसला, त्याच्यावर खूण केली. असं सगळे झाले. मग खूण केलेले त्यांनी पुन्हा सोडले. आता त्यातला एक उजवीकडे गेला आणि एक पोटात. त्यांनी त्यांच्यावरची खूण अंगठ्यानं पुसली. बाजूला ठेवलेल्यांतला एक घेतला, तो सरळ छातीत. तोच पुन्हा सोडला, तर हरणाच्या वरून वाळूत.

अमोलराव म्हणाले, "वारा आहे."

पीटरभाऊंनी झुडपांकडे पाहिलं. पान हलत नव्हतं.

त्यांनी आपलं धनुष्य अमोलरावांच्या हातात दिलं. अमोलरावांनी नको नको म्हणत बारा बाण सोडले. दोन सोडून सगळे एका वितीत बसले, छातीत. म्हणजे काठ्या चांगल्याच होत्या. वजन, वाकणं, पिसं, सगळं त्यांनी अचूक केलं होतं.

पीटरभाऊ पालथ्या बादलीवर बसले. मग जे बोलले ते अमोलरावांनी मला लगेच सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा सांगितलं. ते म्हणाले होते, "तीन आठवडे मी वाईट बाण बाजूला काढतोय असं समजत होतो. बाण वाईट नव्हते."

मी बाण गोळा करून आणले आणि त्यांच्या पायाशी ठेवले. मला रेणूचे बाबा आठवले. नागपूरच्या रस्त्यावर एका चितळाला गाडी लागली होती. कंबर गेलेली, पुढचे पाय चालू. जंगलखात्याची माणसं येईपर्यंत हे त्याच्याजवळ बसून राहिले. उठून यायला सांगितलं तर म्हणाले, ते माझ्याकडे बघतंय, कसा उठू. ते मी अमोलरावांना सांगितलं नाही. ती पीटरभाऊंना न सांगताच कळावी, असं वाटलं.

माझ्या मनात दोन्ही बाजू चालू होत्या. मी खडू पुसला नसता तर या माणसानं आपले सहा बाण घेतले असते, भरवशानं गेला असता, आणि कदाचित नेमही लागला असता. कदाचित हरीण पोटात पातं घेऊन झाडीत गेलं असतं. यातलं काय झालं असतं ते मला कळणार नाही. एवढंच कळतं, की त्या दुपारी त्यांच्या हातून काहीतरी गेलं आणि त्याला कारण मी होते.

न्यू फॉरेस्ट

चार दिवसांनी त्यांनी स्वतःच फोन केला. हरणांचा माजाचा काळ चालू आहे, तुमच्या आईंना दाखवतो म्हणाले. रेणूनं सुट्टी घेतली आणि आम्ही साउथहॅम्प्टनच्या पलीकडे न्यू फॉरेस्ट नावाच्या रानात गेलो. त्याला नवं म्हणतात, पण झाडं अशी जुनी, की दोघींनी हात धरले तरी कवेत येणार नाहीत. रस्त्यावर घोडे मोकळे फिरतात आणि गाड्या त्यांच्यासाठी थांबतात. एका घोड्यानं आमच्या गाडीच्या आरशाला तोंड घासलं. रेणू म्हणाली, "हे बघ, इथेही गुरं रस्त्यावर. फक्त शेपट्या झुबकेदार."

पीटरभाऊ काठी घेऊन पुढे. फर्नचं रान लालसर झालं होतं, पायाखाली ओलं. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला आणि आम्ही थांबलो. आधी आवाज आला. घोरल्यासारखा, ढेकर दिल्यासारखा, पुन्हा पुन्हा. मग तो दिसला. फॅलो म्हणतात त्या जातीचा नर, शिंगं पंजासारखी पसरट. चितळासारखेच ठिपके, पण फिके. वीस पावलांहून थोडा लांब असेल. तो आमच्याकडे बघत नव्हता. मान पुढे काढून ओरडत होता, त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

किती वेळ उभे होतो ते सांगता येणार नाही. पीटरभाऊंचा डावा हात थोडा पुढे गेला होता, धनुष्य धरल्यासारखा. मग तो खाली आला.

परत येताना रस्त्याकडेच्या टपरीवर आम्ही चिप्स घेतले, म्हणजे बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडी, व्हिनेगर घातलेल्या. मी घरून पोळ्या आणि हिरव्या मिरचीचा ठेचा नेला होता. पीटरभाऊंनी चिप्सला ठेचा लावून खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा लावला. तेव्हा त्यांनी सांगितलं. हंगेरीला जाणार आहेत, पैसे भरलेत. पण धनुष्य नेणार नाहीत. दुर्बीण नेणार आहेत.

आणि रेणूला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, नवी पाती मी वापरणार नाही. परत पाठवीन दुकानात. आता पैशांचं बोलणं बंद."

मी रेणूला म्हटलं, "त्यांना सांग, परत जायची ती नवी पाती. मी खराब केली ती जुनी. ती त्यांनी हातानं घासली होती."

रेणू माझ्याकडे बघत राहिली. मी एका दमात एवढं क्वचितच बोलते. तिनं सांगितलं. ते म्हणाले, "उलट त्यांनी मला वाचवलं. एखाद्या हरणालाही."

"सांग, मी वाचवायला केलं नव्हतं. मी न विचारता हात लावला होता. चांगलं झालं असेल तर ते माझं नाही. नुकसान झालं ते माझं."

"आई, किती ताणतेस. त्यांना वाईट वाटेल."

"तू सांग तर."

तिनं सांगितलं. पीटरभाऊंनी बोटांवरचं मीठ पुसलं. मग मान हलवली आणि माझ्याकडे बघूनच बोलले. रेणूनं सांगितलं तसं लिहिते. "ठीक आहे. घेईन. पण पूर्ण घेईन. अर्धे घेऊन उरलेले सोडले, असं मी कोणत्या कामात केलेलं नाही."

उमरेडहून निघताना माझ्या भावानं दिलेले थोडे पौंड माझ्या पर्समध्ये होते. ते मी तिथेच टेबलावर ठेवले. ते पुरेसे नव्हते. त्यांनी घेतले आणि किती राहिले ते सांगितलं.

घरी

हंगेरीहून ते परत आले तेव्हा मी अजून तिथेच होते. मोठा नर त्यांच्यापासून दहा पावलांवरून गेला म्हणे. धनुष्य त्यांनी अमोलरावांना देऊन टाकलं. बाण मात्र स्वतःकडे ठेवले.

माझे दिवस भरले आणि मी घरी आले. ब्लाउजांचे ढीग पडले होते, त्यातून लग्नसराई. कामाचे पैसे आले की त्यातले थोडे मी रेणूच्या नागपूरच्या खात्यात टाकायची. बँकेतल्या मुलानं एकदा विचारलं, मावशी, लंडनला पैसे तुम्ही पाठवताय, का तिकडून येतायत? मी म्हटलं, मी पाठवतेय.

गेल्या आठवड्यात रेणूचा फोन आला. उरलेले पैसे तिनं पौंडांत काढून पीटरभाऊंच्या फ्लॅटवर नेऊन दिले होते.

"घेतले ना?" मी विचारलं.

"घेतले. आणि आई, मोजले गं त्यांनी. माझ्यासमोर बसून, एकेक नोट टेबलावर ठेवून. मला इतकं ऑकवर्ड झालं. इथे असं कोणी करत नाही."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, बरोबर आहेत. आईला सांग, पूर्ण झाले."

ती अजून वैतागलेली होती. मी तिला समजावलं नाही. न मोजता खिशात घातले असते तर ते एका गरीब बाईचं मन राखणं झालं असतं. त्यांनी मोजले. पूर्ण झाले.